गोणपाटामागचे डबे

शुक्रवार, २० जानेवारी १९५६

परवा सकाळी मी गाडीचं तेल काढलं. इंजिनाचं नव्हे, गियरपेटीचं. हे कुणाला सांगण्याजोगं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी चालवतो ती डॉक्टर मृणालिनीबाईंची गाडी अमेरिकन. पांढरी, लांबलचक. तिला क्लच नाही, गियर आपोआप पडतात. ते सगळं एका पातळ, लालसर तेलाच्या जोरावर चालतं. तेल बदलायला झालंच होतं. सोमवारी गिरगावातून नव्या तेलाचे सीलबंद डबे आणून मी दादरला बाईंच्या शेडात ठेवले होते – बाईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं. पण परवा तेल काढलं ते बदलण्यासाठी नव्हे. भीतीने!

मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. मंगळवारी घरी परतताना परळला एका बड्या गाडीच्या काचा फोडलेल्या पाहिल्या. ड्रायव्हर फुटपाथवर डोकं धरून बसलेला. माझ्याच वयाचा. तो डोळ्यांपुढून हलेना. मुंबई आपली, हे मलाही वाटतं. माझी बायको रमा तर मोर्च्याला जाऊन आली. पण बाईंची गाडी घेऊन पेशंटसाठी आपल्याच लालबागेत शिरायचं आणि आपल्याच माणसांचे दगड खायचे – माझी छाती झाली नाही.

म्हणून बुधवारी सकाळी गाडीखाली शिरलो. बूच काढलं, तेल घमेल्यात सोडलं. नव्या डब्यांवर गोणपाट टाकलं. बाईंना म्हटलं, “तेल जळलंय, काढावं लागलं. नवं मिळत नाही, दुकानं बंद.” जीभ अडखळली. बाईंना काही जाणवलं नाही. म्हणाल्या, “बरं झालं. तुम्हीही बसा जरा.”

ऊन उतरताना दौलत धावत आला. आमच्या चाळीतला, शेजारच्या खोलीतला. त्याची बायको चंपा माझ्या गावची, मला मामा म्हणते. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे पहिलंच. कळा सकाळपासून, मूल आडवं. सुईणीने हात टेकले. दौलतला धड बोलता येईना. “मामानू, गाडी काढा! गाडी!”

“तेल नाही रे.”

बाई बॅग घेऊन पायरीवर उभ्या. “एवढ्यापुरती नाही का चालणार?”

“साधी गाडी असती तर रखडत गेली असती. ही इंचभर हलायची नाही.”

हे मात्र खरं होतं. आणि डबे माझ्या पाठीशी, हात लांब केला तर लागतील असे. भरायला अर्धा तास, चालत जायला पाऊण तास. म्हणजे जवळजवळ सारखंच, असं मनाला सांगितलं. कारण ते नव्हतं. गोणपाट उचललं असतं तर बाईंना दिसलं असतं.

सकाळी भीती होती. संध्याकाळी भीती नव्हती. संध्याकाळी फक्त माझी अब्रू होती.

चालत निघालो. बॅग माझ्याकडे. परळला पोलिसांनी अडवलं, दुसरीकडून जायला सांगितलं. तिथे टायर जळत होते. पुन्हा मागे. बाईंचं वय, त्यांचे गुडघे. मधेच एका ओट्यावर बसल्या, म्हणाल्या, “दौलत, तू पुढे जा, पाणी तापत ठेवायला सांग.” आम्ही पोचलो तेव्हा चाळीत दिवे लागले होते.

चंपा वाचली. मुलगा होता. रडला नाही.

शनिवार, २१

माळ घेऊन देवापुढे बसलो. मणी पुढे सरकेना. उठलो.

सोमवार, २३

दुकानं उघडू लागली. नवं तेल भरलं. आधी थोडं, मग इंजिन चालू ठेवून उरलेलं, तेल मोजायची पट्टी बुडवून बुडवून पाहत. गाडी अशी निघाली की जमीन कळेना.

“कुठून मिळवलंत?” बाईंनी विचारलं.

“शिवडीला एक ओळखीचा आहे.”

या वेळी जीभ अडखळली नाही.

भरायला अर्धा तासही लागला नाही.

गुरुवार, २६

संध्याकाळी गॅलरीत दौलत शेजारी येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो फारसा बोलत नाही. आज बोलला. बोलला नसता तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी मी निघताना नाक्यावरच्या पोरांना सांगून गेलो होतो. म्हटलं, बाईंची पांढरी गाडी येणार, वाट करा. पोरांनी धोंडे बाजूला सारून ठेवले, मामानू. दोघं तर कोपऱ्यावर उभे राहिले, गाडी दिसली की ओरडायला.”

मी विचारलं, “दगड मारले नसते?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “त्या गाडीक दगड कोण मारतलो? निम्मी चाळ बाईंच्या हातान जन्माक इली!”

ज्यांना मी भ्यालो ते वाट मोकळी करून उभे होते. बाईंची गाडी म्हणजे त्यांची गाडी. मला तेवढं कळलं नाही. इतकी वर्षं त्यांच्यात राहून!

रविवार, २९

चाळीची सत्यनारायणाची पूजा दंगलीमुळे राहिली होती. पुढच्या रविवारी ठरलीय. चाळीतले सगळ्यांत जुने धोंडूतात्या सकाळीच खोलीत आले. मागून चारपाच जण.

“गुणाजी, यंदा पूजेला तू आणि रमा बसायचं. पोलिसांच्या बंदुकीसमोरनं डॉक्टरीण चालवत आणलीस. नाय म्हणायचं नाय.”

म्हटलं, “मला नको, तात्या.”

“अरे, लाजतोस काय नवऱ्यामुलासारखा?”

सगळे हसले. मीही हसलो. हसलो!

ते गेल्यावर रमा कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसत होती. चाळीत आल्यापासून आम्हाला कधी कुणी पूजेला बसवलं नाही. मूलबाळ नसलेल्या जोडप्याला कोण बसवणार? तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलंय.

मंगळवार, ३१

रमाने चंपासाठी पेज दिली, घेऊन गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “मामानू, तुमी होतास म्हणान मी वाचलंय.”

वाटी खाली ठेवताना पेज सांडली. तिनेच उठून पुसली. मी पाहत उभा.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आजही सांगितलं नाही. चंपाच्या दारापर्यंत गेलो होतो.

शनिवार, ४

सकाळी गाडीची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डबे, गोणपाट, शिवडी. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

मीच विचारलं, “लवकर पोचलो असतो तर जगला असता?”

“असता कदाचित. कदाचित नसता. मला ठाऊक नाही, गुणाजी. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी सांगणार नाही.”

मग म्हणाल्या, “पण हे मला कशाला सांगताय? माझं काय गेलं? गुडघे दुखले, एवढंच.”

मी दाराकडे वळलो.

“किल्ली उचला. परळला पेशंट आहे.”

परळला उतरताना गाडीचं दार धरून म्हणाल्या, “उद्या पूजा ना तुमच्याकडे? त्याआधी सांगा, ज्यांचं गेलं त्यांना.”

घरी येऊन आधी रमाला सांगितलं. ती ओरडली नाही. लुगड्याची घडी घातली, ट्रंकेत ठेवलं आणि कांदा चिरायला बसली.

रविवार, ५

खाली चौरंग मांडत होते. मी चंपाच्या खोलीत गेलो, दौलतही होता. उभ्यानेच सांगितलं. काही लपवून ठेवलं नाही. दौलत चप्पल न घालताच बाहेर निघून गेला.

चंपाने एवढंच विचारलं –

“डबे तेव्हा थंयच होते?”

“होय, तिथेच,” म्हटलं.