तलावात सोडलेला क्रूस

बाई, परवा शाळेचं छप्पर उतरवलं. आता वर स्लॅब पडणार आहे. जुन्या सागवानी तुळया अंगणात रचून ठेवल्या होत्या. नव्या मास्तरांनी विचारलं, एवढं लाकूड कुठून आणलं होतं? मी म्हटलं, जुन्या गिरजाघराचं आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या तुळया बघून काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी आले, भात टाकला आणि तुम्हाला लिहायला बसले.

त्या वर्षी धान कापून झालं आणि गावानं श्रमदान काढलं. मिशनचे गोरे साहेब आणि मॅडम आपल्या देशी गेल्यापासून गिरजा ओस पडलेला. आत वटवाघळं, मागे तुमची एक खोली, आणि मोहाच्या झाडाखाली तुमच्या मालकांना पुरलेली जागा; ते गेल्यावर तुम्ही एकट्याच राहिलात. शाळा गवताच्या झोपडीत भरायची, पाऊस आला की सुट्टी. तेव्हा तुम्हीच पाटलांना म्हणालात, गिरजा उतरवा आणि शाळा बांधा. मिशनची परवानगीही तुम्हीच मिळवलीत. मी तेव्हा नवऱ्यानं टाकलेली, माहेरी आलेली. शाळेत पाणी भरायचे आणि पोरं घरी गेली की तुमच्याकडे अक्षरं गिरवायचे. रेघ वाकडी गेली की तुम्ही पाटी पुसून टाकायचात, एक शब्द न बोलता. मला त्याचा राग यायचा.

छपरावरची कवेलू उतरवायला अर्धं गाव आलं होतं. बाप्ये वरून द्यायचे, आम्ही बाया ओळीनं उभ्या राहून हातोहात खाली घ्यायचो. सगळं हसतखेळत चाललं होतं. तुम्ही शाळेच्या कामाला सिंदेवाहीला गेला होता. दुसऱ्या दिवशी छप्पर गेलं आणि आत ऊन आलं, थेट भिंतीवरच्या क्रूसावर. सगळे थांबले. आम्ही ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारी माणसं, देव म्हटलं की आम्हाला दोनच गोष्टी कळतात, एक तर पुजायचा, नाही तर पाण्यात सोडायचा. माझा बाबा म्हणाला, "देवाचं घर मोडलं, आता त्याले उघड्यावर ठेवता येत नाई." कोणाला ते चूक वाटलं नाही. मलाही नाही. हळदकुंकू मीच लावलं. डफडं वाजवत क्रूस तलावावर नेला, नारळ फोडला. सागवान ते, बुडेना. मग बाबानं दगड बांधले आणि डोंगा वल्हवत क्रूस खोल पाण्यात नेऊन सोडून दिला.

तुम्ही बैलगाडीतून उतरलात, भिंतीकडे बघितलंत. तिथे क्रूसाच्या आकाराची पांढरी जागा तेवढी राहिली होती. बाबा कौतुकानं सांगायला गेला, "तुमच्या देवाले नीट पोचवलं बाई, काई कमी केली नाई." तुम्ही म्हणालात, "तो मी आमच्या माणसाच्या उशाशी लावणार होते. माझीही जागा तिथेच ठेवली आहे. दोघांना मिळून एक पुरला असता."

बाबाचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत तो तलावात उतरला आणि बुड्या मारत राहिला. दर वेळी वर यायचा तो हातात चिखल घेऊन. काठावर गाव जमलं होतं. शेवटी तुम्ही पाण्यापर्यंत गेलात. "भाऊ, पुरे. वर या. लाकूड समजला असतात तर शाळेला लावला असतात. देव समजलात म्हणून बुडवलात. मी काय बोलू?" बाबा वर आला आणि तुमच्यासमोर लहान पोरासारखा रडला. तुम्ही रडला नाहीत. मीही नाही. मी चहा केला.

शाळा झाली. तुम्ही तिथेच शिकवलंत, आणि दुखणं वाढलं तेव्हा मिशनच्या लोकांनी तुम्हाला नागपूरला नेलं. तुम्ही गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. तिथल्याच दफनभूमीत ठेवलं, असं निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. तिथे तुमच्या उशाशी क्रूस असेल, चांगला दगडी असेल. पण मोहाखाली तुम्ही राखून ठेवलेली जागा तशीच राहिली.

दिवाळीला बाबा तुमच्या मालकांपाशी दिवा ठेवायचा. तुमच्यात असं करतात की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. विचारायला तुम्ही नव्हता. बाबा गेल्यावर मी ठेवते. हे पत्र टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर, म्हणून ते इथेच राहील. घरच्यांना वाटतं, मी तिथे एकच दिवा घेऊन जाते. मी दोन नेते बाई. दुसऱ्या जागेत कोणी नाही, हे मला माहीत आहे.