ओट्यावर नेलेला टेप

माय,

तुझ्या कॅसेटी वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. पत्र्याच्या डब्यात तू चौदा ठेवल्या होत्यास. दोन उंदरांनी खाल्ल्या, एकीवर धाकट्यानं स्वतःच्या लग्नात सिनेमाची गाणी भरली, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. उरलेल्या अकरा मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, दोन्ही बाजू, पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत. तू जाऊन बावीस वर्षं झाली. गेल्या साली माझी नर्सची नोकरी संपली, घरी बसले, आणि बसल्या बसल्या करायचं काय म्हणून डबा उघडला. नुसतं बसून राहणं आपल्या घरात कुणाला जमलंय का कधी?

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं. म्हणाले, "मावशी, पोरांना सांगा ह्या कॅसेटी कशाच्या." नव्या पोरांना काहीच माहीत नाही गं. मग मी सांगितलं. धारूरच्या घाटाजवळचं आपलं हे चर्च, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी देऊळ, तेव्हा नुसत्या पत्र्याचं होतं. दसरा झाला की आपल्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला जायची, ती पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. नाताळ त्यांचा तिकडंच, उसाच्या फडात, पाचटानं शाकारलेल्या कोपीत. आणि माझी माय, गावची सुईण, अंगठाबहाद्दर बाई, तिच्या डोक्यात आलं की माणसं येऊ शकत नाहीत तर नाताळ तिकडं पाठवावा. मिशनच्या दवाखान्यातल्या मॅडम कायमच्या जाताना तिला टेप देऊन गेल्या होत्या. त्यावर ती नाताळची भजनं भरायची आणि उसाच्या ट्रकवाल्याच्या हाती कॅसेट तोडीवाल्यांच्या टोळीकडं धाडायची. तिकडची माणसं ती मुकादमाच्या टेपवर ऐकायची, मागच्या बाजूवर आपली भजनं भरायची, आणि हंगाम संपला की कॅसेट माणसांबरोबर घरी. एवढं सांगितलं तशी पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, मला कशाला वाजवता, जिनं केलं तिला वाजवा.

एक गोष्ट मात्र पोरांना समजावून सांगता आली नाही, ती म्हणजे तुझं ते चालणं. दुसरं कुणी असतं तर टेप पेटीजवळ ठेवून मोकळं झालं असतं. तू आठ दिवस आधी सेल उन्हात ठेवायचीस, टेप जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरायचीस आणि भजन सुरू झालं की अनवाणी चालायला लागायचीस. ज्या घरचं माणूस तोडीला गेलंय त्या घरच्या माणसाच्या तोंडापुढं टेप धरायचा, दोन ओळी होऊ द्यायच्या, की पुढं. त्यामुळं कॅसेटीत पेटी एवढीशी, ढोलकी कुठंतरी लांब, आणि मधेच एखादी म्हातारी कानाशी येऊन बेसूर ओरडते. तेव्हाच्या पाळकांनी एकदा कुणाच्या तरी खोकल्यावरून कपाळाला आठ्या घातल्या, तर तू भर देवळात म्हणालीस, "खोकू द्या की तिला. तिच्या नवऱ्याला खोकल्यावरनंच वळख पटंल." सगळं देऊळ हसलं. ते हसणंही आहे कॅसेटीत, मी ऐकलं.

मी मात्र त्या दिवसांत तुझ्यावर जळत होते. मी पंधरा-सोळा वर्षांची, देवळात सगळ्यात चांगला गळा माझा, हे सगळेच म्हणायचे, आणि देवळावर नवे पत्रे पडल्यावरच्या त्या पहिल्या नाताळात तिसरं कडवं मला एकटीला दिलं होतं. महिनाभर मी ते कडवं शेळ्यांमागं, विहिरीवर, चुलीपुढं घोळवलेलं. मी तोंड उघडते आणि बघते तर तू माझ्याकडं पाठ करून चाललेली. मागच्या ओळीपर्यंत गेलीस, आणि तिथं न थांबता दारातून बाहेर ओट्यावर. माझं अख्खं कडवं तू बाहेर. घरी आल्यावर तू भाकरी थापत होतीस, चुलीवर सणाचं मटण रटरटत होतं, आणि मी भांडी आपटली. "माझ्याच कडव्याला कावून बाहेर गेलीस?" तू परातीतनं मानही वर केली नाहीस. "तू हितंच हायस. तुझा आवाज मी रोज ऐकते, फुकट. तिकडं कोन तुझी वाट बगून ऱ्हायलंय?" लई लागलं मला ते. मी जेवले नाही, आणि माझ्या वाटणीचं मटण धाकट्यानं खाल्लं, हे वेगळं सांगायला नको.

आता हल्लीचं सांगते. डबा उघडल्याची बातमी गावभर झाली तशी आपल्या अंगणवाडीची बाई माझ्याकडं आली. तुला ती आठवेल, तूच तिच्या आईचं बाळंतपण केलंस. ती पोटात असताना तिचा बाप तोडीला गेला आणि त्याच हंगामात फडातून निघालेली उसाची गाडी उलटून तिच्याखाली गेला. पोरीचं तोंड न बघताच गेला. त्याचा एक फोटोसुद्धा घरात नाही. तिची आई होती तोवर तिनं कधी विषय काढला नाही. मागच्या साली आई गेली आणि आता ही चाळीशी ओलांडलेली बाई माझ्या दारात उभी. म्हणाली, "अक्का, त्या कॅसेटीत माज्या बापाचा आवाज हाय का बगा. येक शब्द असला तरी चालंल." मी म्हटलं, बघते. नर्स म्हणून हजार नातेवाइकांना मी "बघते" म्हटलंय, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

त्या सालची कॅसेट सापडली. वर नव्या पत्र्यांच्या सालाची तुझी खूण होती, कोळशानं काढलेलं पत्र्याचं छप्पर. मागच्या बाजूला टोळीचं भजन आहे, नऊ-दहा बाप्ये, पण कुणी कुणाचं नाव घेत नाही. आणि गावातली म्हातारी माणसं सांगतात की तिचा बाप गाणाराच नव्हता, चाल धरता येत नाही म्हणून तोंड मिटून टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्यांतली त्याची टाळी कुठली, कोण सांगणार? मी ती बाजू कॉम्प्युटरवर सहा वेळा ऐकली. शेवटी मनाशी ठरवलं की तिला सांगून टाकायचं, नाही सापडला.

आवाज साफ करायला मूळ कॅसेटी केजच्या साउंडवाल्याकडं दिल्या होत्या, तोवर त्याच्याकडनं साफ केलेल्या प्रती आल्या. हा माणूस लग्नकार्यात भोंगे लावतो, पण त्याला असल्या कामाची खरी समज आहे, पैशाचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं. खरखर काढलेली, आवाज सारखे केलेले, ऐकायला गोड. कॅसेटी परत देताना तो म्हणाला, "मावशी, छपराची खूण हाय ना, त्यातला जो तुकडा कापून काढलाय, तितं पट्टी लई झिजलीया. बाकी सगळी चांगली, नेमका तेवढाच तुकडा. पुना पुना मागं घिऊन वाजवल्याबिगर आशी झिजत न्हाई. काय हुतं वं तितं?" मी म्हटलं, काही नाही. आणि घरी येऊन दार लावून घेतलं आणि मूळ कॅसेट लावली.

आधी माझंच कडवं येतं आणि लांब लांब जातं. मग तुझी पावलं, दाराची कडी. मग पाऊण मिनिट नुसती खसखस, आणि त्यात काहीतरी बारीक, थांबून थांबून. दुसऱ्या कुणाला ते कळलंच नसतं. पण माय, मी तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. चुटुक, चुटुक, चुटुक, मग गिळल्याचा आवाज, मग नाकातनं सुटलेला श्वास. तान्हं पोर अंगावर पीत होतं. बाळंतपणाला सव्वा महिना झाला नव्हता म्हणून अंगणवाडीच्या बाईची आई त्या दिवशी आत आलीच नव्हती! आपण ख्रिस्ती झालो तरी म्हाताऱ्यांचं ते काही सुटलं नव्हतं, आणि म्हणून ती लेकराला घेऊन ओट्यावर बसलेली. तिकडं वाट बघणारं माणूस होतं, आणि जिचा आवाज त्याला पाहिजे तिला अजून रडण्यापलीकडं काही येत नव्हतं, आणि त्या वेळी तर ती रडतही नव्हती. तू तरी टेप धरलास. तुझ्या अकलेला मी दोन्ही हात जोडले, खरंच जोडले, स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणवाडी आटपून आली. मी आधी तिच्या कानाला हेडफोन लावून दिला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ह्यात काईच न्हाई की अक्का. कुनीतरी लांब गातंय." मी म्हटलं, "ते सोड. जवळचं ऐक. तू दूध पितीयस." मग मी तिला सगळं सांगितलं, ओटा, तुझं बाहेर जाणं, कॅसेट टोळीकडं गेल्याचं, साफ करताना नेमका हा तुकडा कापला गेल्याचं, पट्टी तेवढ्याच जागी झिजल्याचं. "कुनी झिजवली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "शपथेवर कसं सांगू बाई? पण त्या फडात दुसऱ्या कुणाला ह्या आवाजाचं काय पडलं होतं?" तिनं हेडफोन काढून मांडीवर घेतला. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हंजी त्यानं मला ऐकलं." आणि मग, अगदी हळू, "किती येळा ऐकलं आसंल वं?" तिला पुन्हा ऐकायचं होतं पण भीत होती, म्हणाली, आनखी झिजंल. मी म्हटलं, "आता हे कॉम्प्युटरात आहे, हजार वेळा ऐक, झिजत नाही." संध्याकाळपर्यंत ती बसून होती. मी भाकरी टाकल्या, तिनं त्या खाल्ल्या, आणि ऐकत राहिली.

साफ केलेल्या प्रती मी सगळ्या पुसून टाकल्या. तू जशा भरल्यास तशाच राहणार, खोकल्यासकट, बेसूर म्हाताऱ्यांसकट. प्रत्येक कॅसेटीबरोबर कागद लावलाय, कितव्या मिनिटाला टेप कुणापुढं होता आणि ते कुणासाठी होतं. गावातल्या म्हाताऱ्या माझ्या ओसरीवर येऊन एकेक आवाज ओळखून देतात, भांडतात, रडतात, पुन्हा भांडतात. आता कुणी विचारलं कुणाची तू, तर मी आधी नोकरी सांगत नाही, सुईणीची लेक म्हणून सांगते.

त्या दिवशी निघताना तिनं विचारलं, "अक्का, येवढा तुकडा काडला कुनी हुता?" मी म्हटलं, साउंडवाल्यानं. तिनं मान हलवली, तिच्या मनात त्याच्याबद्दल काही नव्हतं, पण मी तसं म्हटलं खरं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा इथं तरी खोटं नको. त्या माणसानं आपल्या मनानं काहीच काढलं नव्हतं. काम देताना मी त्याच्यासमोर ती कॅसेट ऐकली, माझं कडवं लांब जायला लागलं तशी मी अर्ध्यातच बंद केली, आणि मीच म्हणाले, ही बया इथून बाहेर गेलीय, पुढं रिकामंच आहे, कापून टाक. तिला हे अजून सांगितलेलं नाही.