पानभर सिनेमा

यवतमाळ,
६ ऑक्टोबर २००६

चि. सौ. पद्मजा हिस,
कमलाकरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुझ्याशी भांडण्यात मजा नाही, तू मध्येच आपटून देतेस. पत्रात निदान माझं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय बाबांची अट मी अजून मोडलेली नाही. सिनेमा पाहायचा तर त्यावर पानभर लिहून दाखवायचं, नाहीतर पुढचं तिकीट नाही, असं त्यांनी बजावलं तेव्हा तू सातवीत होतीस. पाटबंधारे खात्यात मी पस्तीस वर्षं टिपणं लिहिली, पण या पानांइतकं मन लावून एकही लिहिलं नाही.

तर गेल्या रविवारी सलीलने मला 'इन्साफ की चक्की'ला नेलं. पद्मे, काय तो डबल रोल केलाय त्या नटाने. इन्स्पेक्टरही तोच आणि डाकूही तोच. चेहरा तोच, चाल तीच, पण इन्स्पेक्टर नाकातून बोलतो आणि डाकू पोटातून. असं काम आजकाल पाहायला मिळत नाही. गाणी सुमार. खुर्चीत ढेकूण नव्हते, ही प्रगती नोंदवून ठेवतो. फक्त हल्ली सिनेमे अंधारात काढायची काय टूम निघाली आहे ते कळत नाही. एवढे कोट्यवधी उधळतात, दोन दिवे जास्त लावायला यांचं काय जातं?

घरचा टीव्हीही त्याच वळणावर गेलाय. चित्र नुसतं धुरकट. मेकॅनिक भीमराजला तीनदा बोलावलं. ट्यूब ठणठणीत आहे म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मला त्याचा भरवसा वाटत नाही. 'ओटीतला निखारा' मात्र मी चुकवत नाही. त्यातली सुमित्रा फार गुणी पोर आहे. विशीतली असेल, पण समज केवढी.

अक्षर मोठं आलंय कारण आभाचा स्केचपेन घेतलाय. नातीच्या वस्तूंवर आजोबाचा हक्क असतो. चारुदत्तरावांना नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्यावा, फोन आपटायची सवय सोडावी.

तुझा,
दादा

•

घाटंजी,
१५ ऑक्टोबर २००६

ती. स्व. दादास,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पान लाल पेनाने तपासलं. मास्तरकी सुटली तरी हात सुटत नाही. शुद्धलेखन बरं, ओळी टेकडी चढल्यासारख्या, अक्षर पहिलीतल्या पोराचं आणि आशयाला शून्य. अरे, त्यात डबल रोल नाहीच. आमच्या केबलवाल्याने तो सिनेमा परवा लावला होता. इन्स्पेक्टर हा मिशीवाला, काडीसारखा. डाकू टकला आणि ढेरपोट्या. दोघांत साम्य एवढंच की अभिनय दोघांनाही येत नाही. तू झोपला होतास, कबूल कर.

आणि तुझी सुमित्रा विशीतली असेल तर मीही कॉलेजात जाते. लालीबाई म्हणते की तिच्या मानेवरच्या वळ्या मोजून घ्या, चाळिशीच्या अलीकडची नाही. लालीबाई म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगची बायको, तुला मागे लिहिलं होतं ती. हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची कांचळी आणि तोंडाला कुलूप नाही. दिवसभर कापसाच्या पऱ्हाटीत राबते आणि साडेसातला आमच्याकडे मालिकेला येते. तिचा एकच प्रश्न असतो. या बाया दिवसभर नटूनथटून जिन्यावर उभ्या राह्यतात, तर याईचं वावर कोण पाह्यते?

तिला उत्तर देईपर्यंत पावणेआठ होतात आणि लाईन जाते. तुमच्या शहराला लोडशेडिंग दुपारचं, आम्हाला ऐन मालिकेत. म्हणून पुढचा अर्धा भाग तू लिहून कळवतोस तोच आम्ही खरा धरतो. मी पत्र मोठ्याने वाचते आणि लालीबाई तुझ्यावर फार विश्वास टाकून बसली आहे. तेव्हा डबल रोलसारखे घोटाळे आमच्या सुमित्रेच्या बाबतीत करू नकोस.

भाऊबीजेला ये. अनारसे करते आहे, नावं ठेवायला तयार होऊन ये. सलील, केतकी, आभा यांना आशीर्वाद. तुझी माया असू दे, मार्क वाढवून मागू नकोस.

तुझी,
पद्मजा

•

घाटंजी,
२६ नोव्हेंबर २००६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलास, बरं वाटलं. ओवाळणीची नोट तबकात टाकायची असते, निरांजनावर नाही. थोडक्यात वाचलो. तुला थट्टा सुचते आणि माझी बोटं भाजतात.

आता बातमी. आमची लालीबाई टीव्हीवर येणार आहे. तुला ठाऊक आहेच, कापसाच्या नावाने हल्ली आपल्या जिल्ह्यात रोज कॅमेऱ्यांच्या गाड्या हिंडतात. त्यातली एक आमच्या दारात थांबली. त्यांना ओट्यावर लालीबाई सापडली. बसवली, उजेड पाडला आणि म्हणाले, बाई, जरा उदास व्हा. तिने विचारलं की कायले? ते म्हणाले, तुमच्या परिस्थितीमुळे. मग तिने त्या साहेबाच्या सदऱ्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली की साहेब, याच्यातल्या कापसाचे मले भेटले त्याच्याहून जास्त याच्या बटनाचे भेटले असतीन. आणि जी हसत सुटली. ते म्हणाले हसू नका, तशी ती आणखी हसली. मीही मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, त्यामुळे तुझी बहीणही झळकणार.

कार्यक्रम ३ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी सातला. आणि रविवारी आमची लाईन साडेसहालाच जाते. साऱ्या तांड्यावर दुसरी सोय नाही. लालीबाईचं म्हणणं की आयुष्यात एकदा टीव्हीत गेलो आणि आपलंच तोंड पाह्यता येत नाही, हे कोणतं नशीब. मी तिला सांगितलं, माझा दादा पाहील आणि पानभर लिहील. ती तुझ्या पत्रावर डोळे लावून आहे. एकूण एक लिही.

जसा आहेस तसाच राहा, पत्राला उशीर नको.

तुझी,
पद्मजा

•

यवतमाळ,
४ डिसेंबर २००६

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हुकमाप्रमाणे कार्यक्रम पाहिला. घरात मी एकटाच होतो, आभा शिकवणीला आणि सलील-केतकी लग्नाला गेले होते. त्यामुळे निवांत पाहिला.

लालीबाई फार उत्तम दिसली. निळी साडी तिला शोभून दिसत होती. डोक्यावरचा पदर ढळू न देता बसली होती. सारंगी सुरू झाली तेव्हा तिला हुंदका आला. मोठमोठ्या नट्यांना जमत नाही असं नैसर्गिक रडली. तिला माझा नमस्कार सांग.

तूही दिसलीस. अगदी आहेस तशी. तीच लांब काळी वेणी, तोच ताठा, कुणाला तरी पट्टी मारायला निघाल्यासारखी. कार्यक्रम एकंदरीत चांगला. कॅमेरावाल्याने उजेड नेहमीप्रमाणे कमी ठेवला होता.

थंडी पडली आहे, स्वेटर घालत जा. लोभाची उजळणी दर पत्रात कशाला, तो आहेच.

तुझा,
दादा

•

घाटंजी,
१० डिसेंबर २००६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा लालीबाईबरोबर तांड्यावरच्या सहा जणी ओट्यावर बसल्या होत्या. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले. निळ्या साडीपाशी सगळ्या लालीबाईकडे पाहू लागल्या. हुंदक्यापाशी लालीबाईने माझ्या हातातलं पत्र खाली केलं.

दादा, तिने जन्मात साडी नेसलेली नाही. लाल फेटिया, म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, त्यावर आरसे, त्या आरशांवर उजेड पडून कॅमेरावाल्याचे डोळे दिपले होते. आणि ती रडली नाही. मी तुला लिहिलं होतं की ती हसत होती. तो हुंदका त्या लोकांनी दुसरीकडून आणून चिकटवला असेल, नाहीतर ती सारंगीच असेल. तू कानांनी कार्यक्रम पाहिलास.

पत्र थांबवून मी आत गेले आणि तुझी वर्षभराची पानं काढून बसले. एकाही पानात नटीच्या साडीचा रंग नाही. तू, जो सिनेमाहून आल्यावर पडद्यामागच्या भिंतीला कोणता रंग होता तेसुद्धा सांगायचास. डबल रोल. टेकडी चढणाऱ्या ओळी. निरांजनावरची नोट. मी हसत राहिले. मास्तरीण असून मला कळलं नाही, याचा मला राग येतो आहे, आणि तुझा त्याहून जास्त. तुला दिसत नाहीये, दादा. कधीपासून?

मला माहीत आहे तू का लपवतोस. बहात्तर साली शिबिरात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळा गेला. मग शेवटपर्यंत तू त्यांचा हात धरून बाजारात नेत होतास. पण असंच बसलास तर दुसरं काय होणार आहे?

माझ्या वेणीबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी काही लिहीत नाही. ते तू स्वतः पाहा.

उत्तर येईपर्यंत मला झोप नाही. तुझी माया आहे म्हणून हे लिहिण्याची छाती झाली.

तुझी,
पद्मजा

•

यवतमाळ,
१७ डिसेंबर २००६

चि. सौ. पद्मजा हिस,
आशीर्वाद.

दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं. तुझी पत्रं आभा वाचून दाखवते. तिला कुणाला न सांगण्याची शपथ घातली आणि आठवड्याला एक चॉकलेट. पोर इमानदार निघाली, त्यात तिचा दोष नाही.

मी भितो, पद्मे. आता थोडंतरी धुरकट दिसतं. टेबलावर झोपलो आणि बाबांसारखं झालं तर तेही जाईल. सासष्टाव्या वर्षी माणसाने हे लिहावं याची लाज वाटते, पण तुला खोटं लिहून झालं, आता खरं लिहितो. लालीबाईची माफी माग. ती बिचारी माझ्यावर विसंबून होती.

तुझा,
दादा

•

घाटंजी,
२१ डिसेंबर २००६

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आभाला त्रास नको.

लालीबाईने माफी नामंजूर केली आहे. तिचं म्हणणं असं, की भियाले सांगा, दोन सालांआधी माह्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या पह्यले मी पांढऱ्या कापसात किडकी बोंडं मिसळून टाकत होती आणि प्रेमसिंग माह्यावर ओरडत होता. आता माह्या वेच्यात काडी सापडत नाही. मले लेखी पान पाह्यजे, खरं पाह्यलेलं, तोपर्यंत मी तुमच्या घरी मालिका पाह्यत नाही. तिच्या भाषेत भाऊ म्हणजे भिया. म्हणजे आता तुझ्या मागे दोन बहिणी लागल्या आहेत.

ती खरोखरच येत नाहीये, दादा. पावणेआठपर्यंत मी एकटी बसते. सलीलला मी फोन केला आहे. शिव्या द्यायच्या असतील तर मला दे.

तुझी,
पद्मजा

•

यवतमाळ,
२८ जानेवारी २००७

चि. सौ. पद्मजा हिस,
कमलाकरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओळी बघ. सरळ आहेत की नाही?

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अकरा तारखेला झालं, डावा पुढच्या महिन्यात. चारुदत्तरावांच्या तापामुळे तुला येता आलं नाही, पण तुझी लालीबाई एकटी एसटीने आली. आत बोलावलं तेव्हा मी बाकावरून उठेना. तिने माझा हात धरून दारापर्यंत आणलं आणि म्हणाली की भिया, मले तर त्याईनं उदास व्हायले सांगतलं होतं, तुले कोणी सांगतलं? डॉक्टरही हसले. पंधरा मिनिटांत सगळं झालं. वेचणी अंगावर होती म्हणून ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली, माझी पट्टी निघायच्या आधी.

आता पाहिलेल्या गोष्टींचा अहवाल. सलीलच्या मिशीत पांढरे केस आहेत, त्याने हे वडिलांपासून लपवलं. भीमराजची ट्यूब निर्दोष. त्याला बोलावून दोन कप चहा पाजला आणि शब्द मागे घेतला. सुमित्रा चाळिशीची आहे, मानेवर तीन वळ्या. तिला फार दिवस जपलं मी.

भीमराजने केबलवाल्याकडून त्या कार्यक्रमाची सीडी मिळवून आणली. हे लालीबाईला वाचून दाखव. लाल फेटिया. कांचळीच्या आरशांत कॅमेऱ्याचा दिवा जागोजाग चमकतो. बांगड्या कोपराच्या वर गेल्यात. सारंगी आहे, हुंदकाही आहे, पण तो तिचा नाही, तिचे ओठ तेव्हा मिटलेले आहेत. तिचं बोलणं त्यांनी कापून टाकलंय. पण अगदी शेवटी, ती मान वर करून हसते तेवढं कापायचं विसरले. चारच क्षण असतील. पुढचा एक दात थोडा तिरका आहे. वर्षभरात मी जेवढे सिनेमे ऐकले त्या सगळ्यांत इतकं चांगलं काही नव्हतं. पान मंजूर झालं का विचार, आणि तिला साडेसातला यायला सांग.

आता तुझं. त्या हसण्याच्या मागे, ओट्यावर, पांढऱ्याशुभ्र आखूड केसांची एक म्हातारी तांब्या घेऊन उभी होती. खांदे थोडे वाकलेले. मी आभाला विचारलं की ही लालीबाईची सासू का. ती हळूच म्हणाली, आजोबा, ही आपली पद्माआजी आहे.

मी सीडी थांबवायला सांगितली. सलीलने मग सांगितलं की टायफॉइडनंतर केस गळले म्हणून तू वेणी कापलीस, दोन वर्षं होतील. दोन वर्षांत दोन भाऊबीजा झाल्या, पद्मे. तू ओवाळत होतीस आणि मी तुझ्यासमोर पाटावर बसलो होतो. मला ज्योत दिसायची. तिच्यामागे वेणी मी माझ्या मनाची घातली. तू म्हातारी झालीस आणि मी तिथेच बसून ते पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. डोळे गेले असते त्याहून जास्त.

पुढच्या भाऊबीजेची वाट पाहणार नाही. शनिवारच्या पहिल्या एसटीने येतो. बारा वाजता ओट्यावर चांगला उजेड असतो ना? काही करू नकोस, अनारसेही नको. नुसती समोर बस. बाबांची अट आहे, पाहिलं की पानभर लिहायचं.

लोभ आहेच, आता त्याचा चेहराही पाहू दे.

तुझा,
दादा