लिओपोल्डीनेच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती

हासेलबाख,
बुधवार, १४ मे

तीर्थरूप झेन्झीताईस,

वुनिबाल्डचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, पण पूर्ण वाकलो आहे, याची नोंद घ्यावी.) तुझा गुडघा कसा आहे? नवीन डॉक्टर जुन्यासारखाच सगळ्यांना पोहायला पाठवतो का? तुझ्या बागेतल्या मटारवर यंदा गोगलगाई आल्या का? आमच्याकडे आल्या आहेत, आणि मला त्यांचं काही वाटेनासं झालं आहे, यावरून माझ्या मनाची अवस्था ओळख. फेब्रुवारीपासून तुझं पत्र नाही, फोन नाही, ईस्टरला तुझी ती बडीशेप घातलेली बिस्किटं आली नाहीत. मी रागावलेलो नाही. रागावण्याचा हक्क सध्या कोणाकडे आहे हे मला कळतं. तुझ्या भाचीने, फ्रान्झिस्काने, आपल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मला निवडलं, तुला धर्ममाता केलं नाही, आणि ते तुला लागलं. पण आता तिने धुराडी साफ करणारा काका घरात शुभ असतो म्हणून मला निवडलं, तर त्याला मी काय करणार?

असो. बाप्तिस्मा येत्या रविवारी, सकाळी दहाला, विंटर्सडोर्फच्या चर्चमध्ये. आपल्याकडे मेणबत्ती धर्मपित्याने आणायची असते, हे तुला मी सांगणं म्हणजे कमाल आहे. अर्ध्या तालुक्याच्या पोरांच्या मेणबत्त्या तुझ्या स्वयंपाकघरात तयार झाल्या. पण मी फ्रान्झिस्काच्या सासरच्या माणसांसमोर, केक खाता खाता, बोलून बसलो की मेणबत्ती विकतची येणार नाही, मी माझ्या हाताने ओतीन आणि माझ्या हाताने सजवीन. कोणी विचारलं नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी नुसतं "अरे वा" म्हटलं. त्या "अरे वा"मध्ये जो संशय होता, त्यापायी मी गेले तीन आठवडे मेणात बुडालो आहे, आणि आता बाहेर येण्याची आशा सोडली आहे.

पहिली मेणबत्ती मी काटकसरीने केली. घरात नाताळच्या लाल मेणबत्त्यांची थोटकं होती, आईच्या वेळच्या निळ्या होत्या, आणि अंगणात डास पळवायला लावतो ती लिंबाच्या वासाची एक होती. मेण ते मेण, असा माझा हिशेब. लाल आणि निळं मिळून जांभळं होईल, आणि जांभळा रंग चर्चला चालतो, असंही मी मनाशी ठरवून टाकलं. झाला तो रंग मी एकेचाळीस वर्षं लोकांच्या धुराड्यांतून खरवडून काढत आलो आहे. वर वास लिंबाचा. शेजारच्या हॉयबेर्गरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "वुनिबाल्ड, हे बाळासाठी आहे की डासांसाठी?" मी मेणबत्ती उचलून आत गेलो. त्या बाईशी बोलण्यात अर्थ नाही, हे तुला माहीतच आहे.

दुसऱ्या वेळी पांढरं शुद्ध मेण आणलं, मधमाश्यांवाल्याकडून, आणि तू नेहमी सांगायचीस तसं गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ते वितळवायला घेतलं. त्यासाठी शतावरीचे लांब कोंब उकडायचं उंच भांडं वापरलं. (शतावरीचा हंगाम ऐन भरात आहे आणि माझ्याकडे आता भांडं नाही, हे जाता जाता सांगतो. त्यात उकडलेली शतावरी चकाकते आणि दातांना चिकटते.) पण पाण्यात मेण वितळायला फार वेळ लागतो गं! मला वाटलं, आयुष्य आगीजवळ गेलेल्या माणसाला या भित्र्या पद्धतीची काय गरज? भांडं सरळ शेगडीवर ठेवलं आणि पाच मिनिटं, खरंच पाचच मिनिटं, गोगलगाई बघायला बागेत गेलो.

मेणाने पेट घेतला होता. मी घाबरलो नाही, पाणी ओतलं नाही, झाकण ठेवलं, आच बंद केली, खिडकी उघडली. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण खिडकीतून जो धूर निघाला तो हॉयबेर्गरबाईंनी पाहिला, आणि त्यांनी अग्निशामक दलाला फोन केला. ताई, आपल्या गावचं दल म्हणजे आपलीच पोरं. त्यातल्या सहा जणांच्या घरी जाऊन मी त्यांच्या आयांना शेगडीपाशी कशी काळजी घ्यावी यावर भाषणं दिली आहेत. ते आठ जण, डोक्यावर शिरस्त्राणं घालून, भोंगा वाजवत आले आणि मी दारात ॲप्रन घालून उभा. लॉरेन्त्स आता त्यांचा प्रमुख आहे. त्याने आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही?" त्या दोन शब्दांत माझी एकेचाळीस वर्षांची नोकरी धुळीला मिळाली. मग ते सगळे बिअर प्यायला थांबले. गावात आता दुसरा विषय नाही. बेकरीत पाव घ्यायला गेलो तर तिथली मुलगी विचारते, आज काही पेटवलंत का?

तिसरी मेणबत्ती खरं तर झाली होती. साचा म्हणून मी जुन्या धुराड्याच्या पाइपाचा तुकडा घेतला, कारण तो माझ्या ओळखीचा होता. मेण ओतलं, वात मधोमध ताणून धरली, दोन दिवस हात लावला नाही. नंतर ती बाहेर येईना. ओढली, आपटली, फ्रिजमध्ये ठेवली, तिच्याशी गोड बोललो. शेवटी पाइप उभा कापला, आणि आतून निघाली, ताई, अशी सरळ, अशी पांढरी, की मी खुर्चीवर बसून नुसता तिच्याकडे बघत राहिलो. मग सजावट. रंगीत मेणाचे ते पातळ पत्रे आणले, छोट्या सुरीने कापले, तळहाताची ऊब देऊन एकेक चिकटवला. लाल क्रूस. निळ्या पाण्याच्या तीन लाटा. एक कबुतर. (कबुतराला बदक म्हणणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत.) आणि सोनेरी पत्र्यातून नाव. हल्लीची पोरं बाळांची नावं लेनी, मिया अशी ठेवतात, रोमन लिपीत तीन-चार अक्षरांत काम उरकतं; आमच्या फ्रान्झिस्काला मात्र लिओपोल्डीने सुचलं. दहा अक्षरं! सोनेरी पत्रा हातात धरला की मऊ होतो आणि नाही धरला तर तुटतो. सोळा अक्षरं मोडली तेव्हा दहा चिकटली. चार दुपारी गेल्या. नाव सगळ्यांना मागच्या बाकापर्यंत दिसावं म्हणून मी ते अगदी वर, वातीच्या दोन बोटं खाली लावलं.

तू हे वाचून डोक्याला हात लावला असशील. मला कळायला लॉरेन्त्स यावा लागला. तो शेगडी तपासायच्या निमित्ताने आला (त्याला ही मजा सोडवत नाही), मेणबत्ती हातात घेऊन म्हणाला, "छान झालीय काका. पण ही दर वाढदिवसाला लावणार ना? पहिल्या वर्षी पोरीचं नाव जाईल, दुसऱ्या वर्षी बदक. लग्नापर्यंत फक्त पाणी उरेल." मी त्याला घराबाहेर काढलं. पण तो खरं बोलत होता. नाव खाली असतं, तळाशी, म्हणजे शेवटपर्यंत राहतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि मी सत्तरीला आलो तरी मला सुचलं नाही. उलटी करून पाहिली, दुसऱ्या टोकाला वात कोरून काढू म्हटलं. पण मग नाव डोक्यावर उभं राहतं आणि कबुतर पाठीवर पडून मेल्यासारखं दिसतं. अक्षरं सोलून काढायला गेलो तर सोनं मेणात उतरून पिवळे डाग पडले. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. खोटं वाटेल, पण मी रडलो, ताई. मेणबत्तीपायी.

चौथी. ही सांगायची लाज वाटते. चौथी सगळ्यांत सुंदर होती. नाव खाली, कबुतराला यावेळी मान होती, क्रूस सरळ. गेल्या आठवड्यात सोमवारी दुपारी ती टेबलावर उभी केली आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. आता मी धंद्याने कोण? तपासल्याशिवाय काही हातावेगळं केलं आहे का मी कधी? कुठलंही धुराडं साफ केलं की आधी कागद पेटवून धुराची वर जाणारी ओढ बघायची, मगच सही करायची. हात आपोआप खिशात गेला, काडी ओढली, वात लावली. ज्योत अशी सुरेख उभी राहिली की मी "ओढ उत्तम" असं मोठ्याने म्हणालो. आणि मग आठवलं. बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीला पहिली आग ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीची लागते, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. आधी पेटवलेली मेणबत्ती म्हणजे उष्टी. फुंकून विझवली, वात कात्रीने कापली, काळं खरवडलं, पण माथ्यावर खळगा पडला आहे. बाकी कोणाला कळो न कळो, फ्रान्झिस्काचे सासरे बोट घालून बघतील. तो माणूस दुकानात गेला तर कलिंगडसुद्धा चार वेळा वाजवून बघतो.

तर ही माझी दशा. स्वयंपाकघराच्या फरशीवर मेण, दारांच्या कड्यांना मेण, माझ्या एकुलत्या एक चांगल्या कोटाच्या बाहीला मेण (इस्त्री आणि टिपकागद लावून पाहिला, आता इस्त्रीलाही आहे). रविवारला चार दिवस उरले आणि माझ्यातला दम संपला. कोणी काही म्हणो, धर्मपिता होण्याची लायकी लागते आणि ती माझ्यात नाही, असं मला परवापासून वाटायला लागलं आहे. एकाच गोष्टीचं कारण सांग: तुझी अक्षरं मेणावर इतकी घट्ट कशी बसतात? हात गरम करतेस की पत्रा? एका ओळीचं उत्तर पाठवलंस तरी चालेल. रागाने लिहिलंस तरी चालेल.

गुडघ्याला जप. पोहायला जाऊ नकोस.

तुझा मेणाळलेला मावसभाऊ,
वुनिबाल्ड

ता. क. हॉयबेर्गरबाईंनी तुला नमस्कार सांगितला आहे. मी सांगणार नव्हतो.

आणखी एक. वर जे अक्षरांबद्दल विचारलं त्याचं उत्तर नको. पाचवी मेणबत्ती काल झाली. चांगली झाली आहे. नाव खाली आहे, कबुतर कबुतरच दिसतं, आणि मी काड्यांची पेटी हॉयबेर्गरबाईंकडे ठेवायला दिली. सजवायला मला तुझी मदत लागणार नाही. हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं; चार पानं झाली तरी मूळ गोष्ट लिहिता येईना म्हणून मेणबत्त्या सांगत बसलो.

शेवटचं, आणि हे एकटीने वाच. विंटर्सडोर्फचे पाद्रीबुवा आता फादर कुरियाकोस आहेत, केरळचे, भला माणूस. त्यांनी परवा फोन करून माझा दाखला मागितला, धर्मपित्याचा, आपल्या चर्चच्या कचेरीतून मिळतो तो. मला तो मिळणार नाही, ताई. मी चर्चचा सभासद राहिलेलो नाही. बावीस वर्षं झाली. आईच्या दफनाला तू माझ्या शेजारी उभी होतीस. त्या वेळचे पाद्रीबुवा तुझ्या मावशीला तीनदा "आपली प्रिय एर्ना" म्हणाले. एर्ना म्हणजे आदल्या दिवशी पुरलेली बाई. तिसऱ्या वेळी तू माझा हात दाबलास, म्हणून मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढल्याची सही करून आलो. दोन मिनिटांचं काम होतं. कोणाला सांगितलं नाही, नाताळच्या प्रार्थनेला मात्र दरवर्षी येत राहिलो आणि मोठ्याने गात राहिलो. फादर ओरडले नाहीत. म्हणाले, परत यायचं तर दार उघडं आहे, पण रविवारपर्यंत कागद होणार नाहीत.

फ्रान्झिस्काला काल सांगितलं. ती म्हणाली, "काका, झेन्झीआत्याला आता तुम्हीच लिहा. तिचं नाव तुम्हीच कापलं होतंत." कापलंच होतं. जानेवारीत तिने आधी तुझंच नाव घेतलं होतं. झेन्झीताईचा हात आता थरथरतो, बाळ पडायचं, असं मी म्हणालो. तुझा हात थरथरत नाही. मला एकदा तरी कोणीतरी निवडावं असं वाटलं होतं, बस.

रविवारी पावणेदहाला ये, दाखला घेऊन. बाळ तू धर. मेणबत्ती मी धरतो. ती धरायला दाखला लागत नाही, फादरांना विचारून घेतलं आहे.