दुसरं बटण हवंच

शुक्रवार, संध्याकाळ, बेहाला

माझ्या लेकाची अक्कल त्याच्या नोकरीच्या बँकेतच राहते. रागाच्या भरात वर श्री लिहायचाही राहिला.

दुर्गापूजेआधीची महालया तोंडावर आली, त्या पहाटे रेडिओवर लागणाऱ्या देवीच्या पाठासाठी शेजारी जुने रेडिओ नातीकडे दुरुस्तीला आणताहेत. रेडिओला वीज देऊन तपासायच्या तिच्या पॉवर सप्लायला व्होल्टचं एकच बटण. काल शेजारच्या काकीमांच्या रेडिओत तारा चिकटलेल्या होत्या, करंट बेफाम शिरला आणि रेडिओ जळाला.

नात म्हणते, "आजी, उद्या घ्यायच्या नव्या सप्लायला करंट आवरणारं दुसरं बटण हवंच."

लेक म्हणतो, "आई, खेळायला एक पुरे."

खेळायला? लोकांच्या वस्तू आहेत त्या! मला अँपिअर कळत नाही, पण दुसरं बटण कळलं. तेच घ्यायचं.

उद्या दुकानदार विचारेल, कुठला देऊ? उत्तर नात देईल. लेकाने फक्त पिशवी धरायची.