तीनशे चार हॉर्सपॉवर

३ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरांची गाडी पुन्हा रोलरवर बांधली. चाकं जागेवर फिरतात, मशीन ताकद सांगतं. तीन आठवड्यांचं ट्यूनिंग, २९० ची खात्री होती. आले २४६. मशीन अजून रुळलेलं नाही. मेव्हणा म्हणतो, "दाजी, मशीन बरोबर आहे." मेकॅनिक म्हणून हात चांगला, पण डोकं या गॅरेजात माझंच चालतं.

५ मार्च
शोध लागला! हवा गरम असली की इंजिन दमतं, म्हणून मशीन भरपाईचे चार आकडे वर घालतं. हवेचं तापमान मोजणारी वायर पंख्यासमोर होती. रेडिएटरच्या मागे, गरम हवेत सरकवली. २८९! ही फसवणूक नाही. इंजिन तिथलीच हवा घेतं. जवळपास तिथलीच.
मेव्हणा बराच वेळ हात पुसत राहिला.

८ मार्च
डॉक्टर खूश, पण तीनशे हवेत. टर्बोचं प्रेशर वाढवलं. ३०४! डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. मेव्हणा म्हणतो, पिस्टन जाईल. उद्या कानातले बोळे काढून नीट ऐकायचं.

९ मार्च
ऐकायचं राहिलं.

१२ मार्च
मेव्हण्याने न विचारता वायर परत पंख्यासमोर लावली. २४८. चांगलं झापलं त्याला. तो शांतपणे म्हणाला, "रविवारी डोंगरावरच्या शर्यतीत डॉक्टर मुलीला शेजारी बसवणार आहेत. तुम्ही सांगता की मी सांगू?"
शनिवारी मीच सांगणार. आपण शब्दाचे पक्के.

१५ मार्च, शनिवार
डॉक्टर मुलीलाच घेऊन आले. नवं हेल्मेट, जरा मोठं, सारखं डोळ्यांवर येत होतं. अशा वेळी वायरचा विषय काढणं बरं दिसत नाही. गाडी दिली.
संध्याकाळी फोन केला. एंगेज. उगाच कुणाच्या मागे लागायची आपल्याला सवय नाही. मेव्हण्याला सांगितलं, बोलणं झालंय.

१६ मार्च, दुपारी ४
तिसऱ्या वळणाआधी पिस्टन फुटला. ऑइल चाकांखाली आलं, गाडी गरकन फिरून कठड्यावर आदळली. डॉक्टरांना खरचटलं. मुलीचा खांदा मोडला. कठडा मजबूत होता. पलीकडे काय आहे, ते मी वाकून पाहिलं नाही.

१७ मार्च
हॉस्पिटलमध्ये गेलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं: टायर, रस्ता, डॉक्टरांचं गिअर बदलणं. मेव्हणाही आला. मी बोलावलं नव्हतं.
डॉक्टर ओरडले नाहीत. मुलगी झोपली होती. हळूच म्हणाले, "खरा आकडा किती होता?"
"दोनशे अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.
"आणि तुम्ही हात लावायच्या आधी?"
मी हवेच्या दाबाबद्दल सांगू लागलो. मेव्हण्याने माझ्या दंडावर हात ठेवला.
"दोनशे बावन्न," तो म्हणाला.