आत्याबाईंच्या पेटीचा मान

फिफिता आत्याबाईंच्या पायांशी, चटईच्या अगदी खालच्या कडेला बसून, भाचा सातेकी याचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? ऑकलंडच्या थंडीत ते फार कुरकुरतात असं कळलं. चर्चच्या गाण्यात अजून तुमचाच आवाज सर्वांत वर असतो, हेही कळलं. (कोणी सांगावं लागत नाही. वारा दक्षिणेचा असला की इथे टोंगात, नेयाफूच्या धक्क्यावरही ऐकू येतो, असं माझी बायको म्हणते. मी नाही.)

तुम्ही बोटीने पाठवलेली पेटी पोचली. आभार कोणत्या तोंडाने मानू? संगणकांना बाहेरच्या जगाची वाट दाखवणारी पेटी, आणि तीही तुमच्या स्वतःच्या दिवाणखान्यात इतकी वर्षं राबलेली! वडिलांच्या बहिणीचा मान आपल्यात सर्वांत वरचा, तिने दिलेली वस्तू कपाटात ठेवायची नसते, एवढं मला कळतं. बायकोने घरातली सर्वांत बारीक विणीची चटई अंथरली, तिच्यावर पेटी बसवली, आणि शनिवारी संध्याकाळी मी ती आमच्या अतिथिगृहातल्या जुन्या काळ्या पेटीला जोडून दिली. होडीला दोन वल्ही मारली की वेग दुप्पट, असा माझा हिशेब. रविवारी देवाखेरीज कोणाचंच काम करायचं नाही, म्हणून संगणक कोणी उघडला नाही. वेग किती वाढला ते कळलं सोमवारी सकाळी. आणि सोमवारी सकाळीच आमच्या लोसालिनेची नर्सिंग कॉलेजची मुलाखत होती, पडद्यावरून, तुमच्याच ऑकलंडच्या बायांसमोर. ही चुकली तर वर्ष गेलं. पोरगी कमरेला मानाच्या प्रसंगाची नवी चटई बांधून, केसांना तेल लावून बसलेली, आणि समोर पडदा कोरा! तिकडे शिडाच्या होड्यांवरून आलेले पाहुणे हवामान दिसत नाही म्हणून माझ्या नावाने ओरडायला लागले.

मी धावत जाऊन मानासेला दंडाला धरून आणला. (हा तारांची कामं करतो. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ थट्टा. पण थट्टा चांगली करतो.) त्याने दोन्ही पेट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, एका घराला दोन मोठ्या आत्या आणून बसवल्यात की हो!"

त्याचं म्हणणं असं, की संगणक आपल्या टोंगाच्या माणसासारखाच असतो. जागा झाला की आधी हाक मारतो, बाहेरची वाट कोण दाखवतं? मग पेटी म्हणते, मी दाखवते, आणि बरोबर आपला दर्जाही सांगते. पुढेही थोड्या थोड्या वेळाने ती तीच दवंडी पिटत राहते. जिचा दर्जा वरचा, तिच्या हाती संगणक घराबाहेरचं सगळं सोपवून मोकळा होतो. तिला वाट खरंच ठाऊक आहे का, हे विचारत नाही. (विचारणं उद्धटपणाचं. मला संगणक त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.) तुमच्या पेटीने दर्जा सांगितला सर्वांत वरचा, तुमच्या घरी होता तोच. आमची काळी बिचारी मधल्या दर्जाची. बाहेरची तार तिच्याच पाठीला, पण तिचं ऐकतो कोण! सगळे संगणक आपापली गाठोडी घेऊन तुमच्या पेटीपुढे रांगेत उभे, आणि तिला बाहेर जायला दारच नाही.

मानासेने तिचा दिवा विझवायला हात पुढे केला, तर माझी बायको मध्ये आडवी. "आत्याबाईंच्या पेटीचा दिवा विझवतोस? उद्या घरात काही वाईट झालं तर तू निस्तरणार?"

"काकू, पोरीची मुलाखत..."

"दिवा विझणार नाही!"

तुमची परवानगी घ्यावी म्हणून फोन केला. तुम्ही गाण्याच्या तालमीला. लोसालिनेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मानासेने तोडगा काढला. पेटीसमोर मांडी घालून बसला (घाबरला होता तोही), तिची माफी मागितली, आणि तिचा दर्जा गुपचूप सर्वांत खाली नेऊन ठेवला. दिवा जळतोय, चटई तीच, पेटी अजून "मी दाखवते, मी दाखवते" म्हणतेय. संगणक अदबीने ऐकून घेतात आणि काळीच्या वाटेने जातात. पुढच्या दवंडीबरोबर पडदा उघडला. तिकडच्या बायाही अजून कागदच लावत होत्या. पोरीला जागा मिळाली!

आत्याबाई, आता थट्टा बाजूला. लोक मला स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस म्हणतात. माझ्या पहिल्या दुकानातला पहिला सदरा तुम्ही बोटीने पाठवलेल्या कपड्यांच्या पिंपातून निघाला होता, आणि ते पिंप भरायला तुम्ही परक्यांच्या फरश्या पुसत होता. पोरगी आता तिकडे शिकायला येणार आहे ती त्या पिंपामुळे. हे मी विसरलेलो नाही.

तुमचा,
सातेकी

ता. क. कॉलेज तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, असं नकाशात दिसतं. तुमची मागची खोली रिकामी आहे, असंही ऐकतो. पोरगी डुकराचं मांस कमी खाते आणि भांडी घासते.

आणखी एक. मी दाराआडून ऐकत होतो. बायांनी तिला विचारलं, वरच्या नर्सने चुकीची वाट दाखवली तर काय करशील? ही म्हणाली, "त्यांना आधी बसायला खुर्ची देईन, हो हो म्हणेन, आणि रोग्याला ताटकळत न ठेवता जिला ठाऊक आहे तिला विचारून येईन." बाया इतक्या हसल्या की जागा तिथल्या तिथे पक्की झाली. हे असं ती कोणाच्या घरात शिकली, ते मी विचारलेलं नाही. ती तिकडे आली की तुम्हीही विचारू नका.